नववा फर्मा

विश्वकोशाच्या कार्यालयात एक जुना नियम होता. कुठलीही नोंद छापायला जाण्याआधी तीन माणसांच्या हाताखालून जायची. पहिला त्या विषयाचा जाणकार, दुसरा भाषा तपासणारा आणि तिसरा साधा वाचक. साधा वाचक म्हणजे त्या विषयातलं ओ की ठो न कळणारा माणूस. त्याने नोंद वाचायची, समजली की नाही ते सांगायचं आणि नोंदीतलं कुठलंही एक वाक्य निवडून लिहिणाऱ्याला विचारायचं, हे कशावरून? याला तिथे ‘खुंटी ओढणं’ म्हणत. खुंटी हातात आली तर नोंद परत. आणि लिहिणाऱ्याने ते वाक्य मनाने रचलंय असं ठरलं, तर त्या खंडातल्या त्याच्या सगळ्याच नोंदी बाद. एक रचलं त्याने दहा रचली नसतील कशावरून, असा त्यामागचा हिशेब.

गेली नऊ वर्षं हा साधा वाचक म्हणजे भिंगकाका. वय चौऱ्याहत्तर. जन्मभर पुस्तकं बांधली, दुकान बंद झालं तेव्हा कार्यालयातले उसवलेले जुने खंड शिवायला येऊ लागले आणि तिथेच रुळले. डाव्या हातात भिंग, उजव्या हाताचं बोट ओळीखाली, ओठ हलतायत, असं त्यांचं वाचन चालायचं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. काकांचं तोंड कशाने पोळलं होतं कोण जाणे, ते पाणीसुद्धा फुंकून प्यायचे. जे वाक्य सगळ्यात गुळगुळीत, त्यावर त्यांचं बोट थांबायचं. लाकूड जिथे जास्त रंगवलेलं असतं तिथेच आत कीड असते, असं ते म्हणत आणि दहातून चार वेळा ते खरं निघे.

या संशयी माणसाचीही एक नाजूक जागा होती. साधा वाचक निदान सातवी झालेला हवा, अशी अट होती. नेमणुकीच्या अर्जावर ‘शिक्षण’ असं छापलेलं होतं, त्यापुढे काकांनी ‘सातवी’ लिहिलं होतं. खरं तर ते शाळेत एक दिवसही बसले नव्हते. अक्षर शिकले ते छत्तिसाव्या वर्षी, सात वर्षांच्या लेकीकडून. ती शाळेतून आली की बापाला समोर बसवून शाळा-शाळा खेळायची. फार कडक मास्तरीण. ‘ळ’ चुकला की पट्टी, पुन्हा चुकला की कोपऱ्यात उभं. बायको हसून हसून बेजार व्हायची. अशा शाळेतून वर आलेला माणूस. अर्जावरची ती सातवी कधीतरी कुणी ओढून बघेल, या धास्तीनेच बहुतेक ते इतरांच्या खुंट्या इतक्या जोराने ओढत असावेत. चोराच्या मनात चांदणं.

त्या दिवशी टेबलावर आलेली नोंद अडीच पानांची होती. ‘कडी नसलेला वर्ग’ या पुस्तकावरची. पंचेचाळीसेक वर्षांपूर्वी एका शिक्षिकेने लिहिलेलं पुस्तक. तिने आपल्या वर्गाच्या दाराची कडी काढून टाकली होती. मुलांनी वाटेल तेव्हा यावं, वाटेल तेव्हा जावं, जे आवडेल ते आधी शिकावं. छडी नाही, परीक्षा नाही, कोपरा नाही. काकांना पट्टीचे दिवस आठवले आणि पहिली शंका पुस्तकावरच आली. दार उघडं ठेवून पोरं आत येतात होय? मांजर येतं.

पण पुस्तकाचं परीक्षण करणं हे त्यांचं काम नव्हतं. त्यांना नोंद बघायची होती. लिहिणाऱ्या होत्या एका महाविद्यालयातल्या प्राध्यापक मॅडम. या खंडात त्यांच्या अकरा नोंदी होत्या आणि सगळ्या वेळेवर आलेल्या, यात काकांना आधीच काळंबेरं दिसत होतं. वेळेवर येणारा लेखक त्यांनी नऊ वर्षांत पाहिला नव्हता. दुसऱ्या पानावर त्यांचं बोट थांबलं. तिथे लिहिलं होतं:

‘अनुक्रमणिकेत नवव्या प्रकरणाचे नाव “न आलेली मुले” असे आहे, प्रत्यक्षात लेखिका त्या जागी सहावे प्रकरण शब्दशः पुन्हा देते. सांगायचे ते रिकामे ठेवून वाचकाला मागे वळायला लावण्याचा हा प्रयोग तिच्या शिक्षणविचाराशी पूर्ण सुसंगत आहे.’

काकांनी ते तीनदा वाचलं. जाणकाराने समासात बरोबरची खूण करून शेजारी ‘मार्मिक’ लिहिलं होतं. काकांच्या मनात पाल चुकचुकली. जन्मभर कागद हाताळलेला माणूस. तेच प्रकरण दोनदा छापायला कागद काय झाडाला लागतो? आणि लागतोच झाडाला, पण म्हणून कोण छापणार? मॅडमनी पुस्तक वाचलंच नसणार. नवव्या प्रकरणापर्यंत जायचा कंटाळा आला आणि भोक पडलं तिथे ठिगळ लावलं, वर त्या ठिगळाला नक्षी काढली.

कार्यालयाच्या कपाटात पुस्तकाची दुसरी आवृत्ती होती. काकांनी काढली. नववं प्रकरण जागच्या जागी. ‘न आलेली मुले’, सोळा-सतरा पानं. ते दुपारभर बसून वाचलं. कडी काढल्यावरही जी मुलं वर्गात आलीच नाहीत, त्यांना शोधत ती शिक्षिका गल्लीगल्लीत, कारखान्यांत, दुकानांत हिंडली होती. कुणी धाकटं भावंड कडेवर घेऊन उभं, कुणी भट्टीपाशी, कुणी कागदाच्या घड्या घालतोय. तिने लिहिलं होतं, दार उघडं ठेवलं की आपलं काम झालं असं मला वाटत होतं. दारापर्यंत यायला पाय मोकळे असावे लागतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. काकांनी पुस्तक मिटलं. बाई वाटली होती तितकी खुळी नव्हती. त्यामुळे तर त्यांना नोंदीचा जास्तच राग आला. जिथे ती ‘मी चुकले’ म्हणतेय, नेमकं तेच या मॅडमनी गिळून टाकलं.

त्यांनी समासात लिहिलं, ‘हे कशावरून? दुसऱ्या आवृत्तीत प्रकरण आहे.’

संपादक साहेब उंच, वाळकुडे, कमी बोलणारे. बोलायचं असलं की आधी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवत. घड्याळ ठेवलं की कार्यालयात शांतता. त्यांनी नोंद आणि पुस्तक दोन्ही पाहिलं, घड्याळ ठेवलं आणि सांगितलं की मॅडमना बुधवारी प्रत घेऊन बोलावू. समाधान झालं नाही तर अकराच्या अकरा नोंदी काढायच्या. पत्र टाइप करून ठेवायला सांगितलं. काकांच्या समोरच ते पत्र टाइप झालं आणि काचेच्या गोळ्याखाली जाऊन बसलं. फक्त सही राहिली होती.

घरी त्यांनी लेकीला सगळं सांगितलं. ती आता स्वतः शाळेत शिकवते, पट्टी मात्र कधीच सुटली. भाजी निवडता निवडता तिने ऐकलं आणि विचारलं की त्या मॅडमनी पहिली आवृत्ती वाचली असेल तर? काका म्हणाले, आवृत्ती बदलली म्हणून सोळा पानं हवेत जातात का. ती म्हणाली, तुम्हाला आजवर कुणी खरं बोललेलं पटलंय का? मग देठ मोडत म्हणाली,

“बाबा, खुंटी ओढायची तर ओढा. पण तिला आपलीच पिशवी टांगलेली नाही ना, तेवढं बघा.”

काकांना ती अर्जाबद्दल बोलतेय हे कळलं. घरात हे फक्त तिलाच ठाऊक होतं.

बुधवारी मॅडम आल्या. पन्नाशीच्या, केस घट्ट बांधलेले. नमस्कार-चमत्कार न करता त्यांनी पिशवीतून पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. सार्वजनिक वाचनालयाचा शिक्का असलेली पहिली आवृत्ती, मळकट निळं पुठ्ठ्याचं कव्हर. त्यांनी एक जागा उघडली, मग दुसरी.

“हे सहावं प्रकरण, गोट्यांचा हिशेब. आणि हे नवव्याच्या जागी. पुन्हा गोट्यांचा हिशेब. अक्षर न अक्षर तेच. आता सांगा, मी रचलं?”

साहेबांनी वाकून बघितलं. खरंच होतं. पानांच्या आकड्यांवरूनही काही कळेना, कारण प्रत्येक प्रकरणाला एकपासून सोळापर्यंत वेगळे आकडे होते. साहेबांनी दुसरी आवृत्ती पुढे सरकवली. मॅडमनी ती चाळली, चेहरा जरा उतरला, पण त्या डगमगल्या नाहीत. त्यांनी उलटा डाव टाकला. दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा लेखिका हयात नव्हती. प्रकाशकाने हे प्रकरण दुसऱ्या कुणाकडून लिहून घेऊन घुसडलं नसेल कशावरून? मग काकांकडे वळून म्हणाल्या,

“तुम्ही शंका घेता ना काका, मग माझीही घ्या. शंका काय तुमच्या एकट्याच्या मालकीची आहे?”

काका पुस्तकाकडे बघत होते, पण अक्षरांकडे नाही. त्यांनी ते हातात घेतलं, वजन केल्यासारखं तोललं, पाठीवरून अंगठा फिरवला. पुस्तक म्हणजे घडी घातलेल्या कागदांचे गठ्ठे एकावर एक ठेवून शिवलेले असतात. एकेका गठ्ठ्याला फर्मा म्हणतात. इथे प्रत्येक फर्मा सोळा पानांचा होता आणि प्रत्येक प्रकरण बरोबर एका फर्म्याचं. आधी दरमहा एकेक प्रकरण सुटं निघायचं, वर्ष भरल्यावर तेच बारा फर्मे एकत्र बांधले होते. काकांना हे कुणी सांगावं लागलं नाही. त्यांनी शेवटचा फर्मा बरोबर मध्यावर उघडला आणि भिंग लावलं.

घडीच्या पोटात, जिथे दोरा संपतो तिथे, एक गाठ होती. दुहेरी, आणि दोन्ही टोकं दोन बाजूंना नांग्यांसारखी वळवलेली.

ज्या दुकानात ते तेव्हा काम करत, तिथे प्रत्येक बाइंडरने आपल्या प्रतीवर खूण करायची असे, म्हणजे पुस्तक उसवलं तर मालकाला कुणाला झापायचं ते कळे. बाकीचे पुठ्ठ्याच्या आतून पेन्सिलीने नावाचं अक्षर लिहीत. काकांना अक्षर येत नव्हतं. त्यांनी गाठ शोधून काढली होती. दुकानातले तिला खेकडा म्हणत.

मग सगळं आठवत गेलं. लांबलचक टेबल, त्यावर ओळीने बारा ढीग. टेबलाभोवती फेऱ्या मारायच्या, प्रत्येक ढिगातून एकेक फर्मा उचलायचा, फेरी पुरी झाली की पुस्तक झालं. बाकीचे नाव बघून उचलत, काका जागा बघून. एक दिवस नवव्या प्रकरणाचा ढीग संपला आणि मालक म्हणाला, आतून नवव्याचा गठ्ठा आण. आत बारा प्रकारचे गठ्ठे होते. एरवी ते फर्मे वरच्या पानाच्या चेहऱ्यावरून ओळखत, कुठे चित्र, कुठे तक्ता, कुठे मोठी कोरी जागा. या पुस्तकाचे सगळेच चेहरे सारखे होते. वर कोरं, मध्ये नाव, खाली आठ ओळी. शेजारीच छापखान्यातला खिळे जुळवणारा जुळारी उभा होता. त्याला नुसतं विचारायचं होतं, नववा कुठला रे? पण विचारलं असतं तर कळलं असतं. दुकानात कुणाला ठाऊक नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत ते वर्तमानपत्र उघडून बसत. त्यांनी अंदाजाने एक गठ्ठा उचलला. पन्नास फर्म्यांचा.

पन्नास प्रती.

टेबलापलीकडे साहेब घड्याळाशेजारी हात ठेवून बसले होते. काचेच्या गोळ्याखाली पत्र होतं. ही गाठ वाचता येणारा माणूस जगात एकच उरला होता. त्याने भिंग खाली ठेवून ‘शंका कायम’ एवढं म्हटलं असतं, तर पत्रावर सही झाली असती आणि अर्जावरची सातवी तशीच सुखात राहिली असती. काकांनी मॅडमकडे पाहिलं. त्या ताठ बसल्या होत्या, पण पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळून गुंडाळून बोट पांढरं पडलं होतं.

“साहेब, ते पत्र फाडा,” काका म्हणाले. “मॅडमनी वाचलं तेच लिहिलंय. आणि दुसरी आवृत्तीपण खोटी नाही. ही प्रत चुकीची बांधलीय. नवव्याच्या जागी सहावा फर्मा गेलाय.”

“हे कशावरून?” साहेबांनी विचारलं. सवयीनेच.

“मी बांधलीय.”

साहेबांनी काही क्षण पुस्तकाकडे पाहिलं, मग विचारलं की प्रकरणाचं नाव वर एवढ्या ठळक टाइपात असताना चूक झालीच कशी. काकांनी सांगितलं की तेव्हा त्यांना वाचता येत नव्हतं. साहेब म्हणाले, पण अर्जावर तर सातवी आहे.

“ती मी मनाने रचलीय,” काका म्हणाले. “रचलेलं सापडलं की सगळं बाद, हा आपला नियम. माझ्या नऊ वर्षांच्या सह्यांचं काय करायचं ते तुम्ही बघा.”

मग बोलल्या त्या मॅडम, आणि आभार वगैरे नाही. त्यांना काकांचा संशय आला होता. म्हाताऱ्याला आपली दया आली आणि तो आपल्यासाठी अंगावर घेतोय, असं त्यांना वाटलं. त्यांनी तसं स्पष्टच विचारलं. ही प्रत तुम्हीच बांधली, हे आम्ही कशावरून मानायचं?

काकांना मॅडम पहिल्यांदाच आवडल्या.

त्यांनी आपल्या कोपऱ्यातल्या खोक्यातून दाभण आणि दोरा आणला. दोन रद्दी कागदांची घडी घातली, मध्यावर भोकं पाडली, दोरा ओवला. दोरा दोनदा निसटला. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून घेतले. डोळ्यांपेक्षा बोटांना जास्त आठवत होतं. गाठ पडली. त्यांनी टोकं वळवली, याला दुकानात खेकडा म्हणत असं सांगितलं आणि पुस्तकातल्या जुन्या गाठीशेजारी कागद मॅडमपुढे ठेवला. मॅडमनी काकांचंच भिंग उचललं, एकदा नव्या गाठीकडे बघितलं, एकदा जुन्या. पुन्हा नव्या. मग भिंग साहेबांकडे दिलं.

“खेकडा आहे,” त्या म्हणाल्या.

साहेबांनी नोंद मॅडमना परत दिली. त्यांनी तिथेच बसून ते गुळगुळीत वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं, ‘पहिल्या आवृत्तीच्या काही प्रतींत नववे प्रकरण नाही; त्या जागी सहावे दुसऱ्यांदा बांधले गेले आहे.’ ‘मार्मिक’ म्हणणाऱ्या जाणकाराला हे कळवताना आपल्याला फार आनंद होईल, असं त्या पुटपुटल्या. साहेबांनी वाक्य वाचलं आणि आधार या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘बांधणाऱ्याची साक्ष’. काकांना त्याखाली सही करायला सांगितली. विश्वकोशाच्या कुठल्याही नोंदीला असा आधार आजवर लागला नव्हता.

मग त्यांनी फाइलीतून नऊ वर्षांपूर्वीचा अर्ज काढला, काकांपुढे ठेवला आणि पेन दिलं. काकांनी सातवीवर रेघ मारली. शेजारी जागा थोडीच होती. तिथे त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं, ‘मुलीकडून, वय वर्षे छत्तीस.’ साहेबांनी ते वाचलं आणि सांगितलं की हे विश्वकोशाच्या मंडळापुढे ठेवावं लागेल. अट अट आहे, मंडळ काय म्हणेल हे ते सांगू शकत नव्हते. घड्याळ मनगटाला बांधता बांधता म्हणाले, तोवर पुढच्या आठवड्यात दोन नोंदी येतायत, एक विहिरींवर आणि एक दाढीच्या साबणावर, त्या बघून ठेवा.

रस्त्याने जाताना काका तेच घोकत राहिले. तोवर म्हणजे काय? दया म्हणून दिल्या की मंडळाचा निकाल लागेपर्यंत म्हाताऱ्याला गुंतवून ठेवायला? दाढीचा साबण, म्हणे. साहेबांच्या मनात काय आहे ते घरापर्यंत काही कळलं नाही.

वाचनालयाने ती प्रत दुरुस्तीला आठ दिवस दिली. दुसऱ्या आवृत्तीतलं नववं प्रकरण मॅडमनी जुन्या मापाच्या सोळा पानांत बसवून, छापून पाठवलं होतं, सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. रविवारी सकाळी काकांनी खिडकीपाशी पुस्तक उसवलं. दोऱ्याला कात्री लावताना बरं वाटलं नाही. चुकलेली असली तरी शिलाई पक्की होती. दुसऱ्यांदा आलेला गोट्यांचा हिशेब अलगद बाहेर काढला. उरलेल्या एकोणपन्नास प्रती कुठे असतील कुणास ठाऊक. कुणी त्या वाचून शाळाही काढली असेल, दार उघडं ठेवून वाट बघत बसला असेल.

नवा फर्मा त्यांनी घडी घालून समोर ठेवला. वर कोरं, मध्ये नाव, खाली आठ ओळी. नावाखाली बोट ठेवून त्यांनी ओठ हलवत वाचलं. पुन्हा वाचलं. मग आठव्या प्रकरणाचं नाव वाचलं, दहाव्याचं वाचलं, अनुक्रमणिका उघडून ताडून बघितलं. दाभण हातात घेतलं आणि तसंच धरून आतल्या खोलीकडे हाक मारली.

“अगं, जरा इकडे ये. नववा हाच ना?”

लेक हात पुसत दारात आली. तिने लांबूनच पाहिलं.

“बाबा, तुम्हाला वाचता येतं.”

“येतं,” काका म्हणाले. “तरी सांग.”